व्यायामशाळेचा जमाखर्च

व्यायाम ही पुण्याची गोष्ट आहे असे आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि पुण्याच्या गोष्टीचा हिशेब विचारू नये हेही ऐकत आलो. त्यामुळे व्यायामशाळा काढायला किती पैसा लागतो आणि ती चालवून हाती काय उरते, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी उघडपणे काढीत नाही. आज तोच काढायचा आहे. आपल्या नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर) संगमनेरला जा, श्रीरामपूरला जा, शेवगावला जा, बसस्थानकापासून हाकेच्या अंतरावर ‘जिम’ची पाटी दिसते. त्यांतल्या काही पाट्या वर्षा-दोन वर्षांत उतरतात. पाटी लावणारा बहुधा पंचवीस-तिशीतला तरुण असतो, आणि पाटीच्या मागे वडिलांची जमीन, आईचे दागिने किंवा बँकेचे कर्ज, काहीतरी एक गुंतलेले असते. पाटी उतरली तरी ते गुंतलेले सुटत नाही.

आपल्याकडे जिमच्या आधी तालीम होती. तालमीचा जमाखर्च कोणी वहीत मांडला नसेल, पण तो होता. जागा गावठाणातली किंवा देवळालगतची, म्हणजे भाडे नाही. भिंती वर्गणीतून उभ्या राहिल्या. हौदातली तांबडी माती वर्षातून एकदा बदलायची, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालायचे. ते कोणाच्या तरी घरून यायचे. वस्ताद हा स्वतः शेतकरी नाहीतर पलटणीतून पेन्शनीवर आलेला. तो पगार घेत नसे, गुरुपौर्णिमेला नारळ आणि फेटा मिळाला की त्याचे समाधान. मुलाचा खुराक, म्हणजे दूध-तूप-बदाम, मुलाच्या घरचा. जत्रेत कुस्ती मारली तर इनाम पैलवानाचे आणि नाव तालमीचे. खर्च झालाच नाही असे नव्हे. तो गावाने वाटून घेतला होता, म्हणून कोणाच्या अंगावर पडल्यासारखा दिसला नाही. २०२५ साली महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या नगरला वाडिया पार्कवर झाल्या, तेव्हा माणसे किती लोटली हे आपण पाहिले. त्या गर्दीतल्या पुष्कळांनी तरुणपणी तालमीत एक पैसाही फी भरली नसेल. त्यांची मुले आज जिममध्ये जातात आणि महिन्याला फी देतात. मधल्या काळात जो खर्च गावाचा होता तो एका तरुणाच्या डोक्यावर येऊन बसला.

हा बदल झाल्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. तालमीत सगळ्यांना प्रवेश होता असेही नाही. मुलींना तर नव्हताच. पण जिम काढणाऱ्याने हे ओळखले पाहिजे की आपण तालीम काढीत नसून दुकान काढीत आहोत, आणि दुकानाला दुकानाचे नियम लागू होतात.

माझ्या हाताखालून बी.ए. होऊन गेलेला एक विद्यार्थी असाच एकदा कागद घेऊन आला. कागदावर यंत्रांची यादी होती, किमतींसकट, अगदी शेवटच्या डंबेलपर्यंत. मी विचारले, ‘महिन्याचा खर्च कुठे आहे?’ तो म्हणाला, ‘सर, तो फीमधून निघेल. दीडशे मेंबर सहज होतील. मित्रच शंभर आहेत.’ आता, मित्र हा सभासद म्हणून फार अवघड माणूस असतो. तो सवलत सर्वांच्या आधी मागतो आणि फी सर्वांच्या शेवटी देतो. पण ते बाजूला ठेवून आम्ही दोघांनी त्या कागदाच्या पाठीमागे आकडे मांडले. ते आकडे समजुतीपुरते धरलेले आहेत. सावेडीला निराळे पडतील, पाथर्डीला निराळे. रीत मात्र तीच.

समजा, दीड हजार चौरस फुटांची जागा. अनामत एक लाख, यंत्रे नऊ लाख, रबराची फरशी, आरसे, वीजजोडणी, स्वच्छतागृह मिळून तीन लाख, हाताशी एक लाख. एकूण १४ लाख. त्यांतले ४ घरचे आणि १० बँकेचे, पाच वर्षांच्या मुदतीने, ११ टक्के व्याजाने. हप्ता बसतो पावणेबावीस हजारांच्या आसपास. भाडे २० हजार. वीज ८ हजार, आणि ती व्यापारी दराची, घरगुती नव्हे. एक शिकवणारा १२ हजार, झाडलोट ३ हजार, दुरुस्ती व किरकोळ ४ हजार. बेरीज झाली ६८ हजार ७५० रुपये. फी महिना ८०० धरली तर ८६ सभासदांनी न चुकता पैसे दिले की खर्च भागतो. मालकाच्या घरी अजून एक रुपया गेलेला नाही! पहाटे पाचला कुलूप उघडणारा आणि रात्री दहाला लावणारा हा माणूस स्वतःचा पगार खर्चात धरीतच नाही. त्याने महिना २० हजार घरी न्यायचे म्हटले तर १११ सभासद लागतात, आणि तेही बाराही महिने.

बाराही महिने हे शब्द सोपे वाटतात. जानेवारीत नव्या वर्षाचे संकल्प असतात, लग्नसराईच्या आधी नवरदेव येतात, पोलीसभरतीची जाहिरात निघाली की खेड्यांतून मुलांचे थवे येतात. पण भरतीच्या मैदानी परीक्षेत १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. ती मुले तीन-चार महिने अंगात ताकद भरून घेतात आणि भरती आटोपली की, निवड होवो न होवो, नाहीशी होतात. मार्चमध्ये परीक्षा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली उभे राहवत नाही. पावसाळ्यात बाहेरगावचे पोर गाडीवर येत नाही. आणि शेतकऱ्याच्या घरी फीचा पैसा उसाच्या बिलाशी बांधलेला असतो. कारखान्याचे पेमेंट लांबले की जिमची फी लांबते. यादीत दीडशे नावे असूनही महिन्याची वसुली ऐंशींचीच होते, हे अनुभवी मालक सांगतील.

या चढउतारावर उपाय म्हणून वार्षिक फीची योजना निघते. महिना आठशे असेल तर ‘वर्षाचे फक्त पाच हजार’ असा फलक लागतो. श्रोतेहो, या फलकापाशी जरा थांबू या, कारण पुष्कळ जिम इथेच बुडतात. पाच हजारांना बाराने भागा. महिना ४१७ रुपये पडतात. मघाशी ८६ सभासदांत भागणारा खर्च आता १६५ सभासदांवाचून भागत नाही. हे झाले एक. दुसरे याहून फसवे आहे. जानेवारीत शंभर जणांनी पाच-पाच हजार भरले, पाच लाख रुपये एकदम हाती आले. मालकाला वाटते धंदा जमला. तो दोन नवी यंत्रे आणतो, कदाचित मोटारसायकलही. वास्तविक ते पाच लाख मिळकत नव्हेत, ते देणे आहे. बारा महिने दार उघडे ठेवण्याचे देणे. त्यांतले फार तर बेचाळीस हजार जानेवारीचे. उरलेले बँकेत निराळ्या खात्यात पडून राहिले पाहिजेत. जुलैमध्ये वीजबिल येते तेव्हा हे शंभर सभासद येऊन घाम गाळीत असतात, आणि त्यांच्याकडून मागण्यासारखे काहीच उरलेले नसते.

मोठ्यांची गोष्टही या बाबतीत उद्बोधक आहे. विष्णू तळवलकरांनी १९३२ साली मुंबईत व्यायामशाळा सुरू केली. पुढच्या पिढ्यांनी तिचा विस्तार केला, ‘तळवलकर्स’ हे नाव शहरोशहरी पोचले, आणि २०१० साली त्यांच्या कंपनीचे भाग बाजारात विक्रीला आले. मराठी माणसाने व्यायामाचा एवढा मोठा धंदा उभा करावा याचा आपल्याला अभिमान होता आणि तो रास्तही होता. २०१९ साली त्या कंपनीचे कर्जरोख्यांवरचे देणे थकले आणि पुढे ती दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. कारणांचा खल तज्ज्ञांनी करावा. एवढे मात्र खरे की ऐंशीहून अधिक वर्षांची पुण्याई पाठीशी असलेल्या नावालाही कर्जाच्या तारखेने सोडले नाही.

याउलट अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ पाहा, १९१४ पासूनचे. किंवा पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ, १९२४ चे. या संस्था टिकल्या, पण नुसत्या व्यायामाच्या फीवर नव्हेत. एकीने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले, दुसरीने शाळा चालवल्या. एकट्यादुकट्या तरुणाला महाविद्यालय काढता येणार नाही हे उघड आहे. पण एकाच जागेतून दुसरे उत्पन्न काढणे त्यालाही जमण्यासारखे आहे, आणि तो मार्ग बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असून दिसत नाही. जिममध्ये गर्दी पहाटे साडेपाच ते साडेआठ आणि संध्याकाळी सहा ते नऊ. मधले आठ-नऊ तास यंत्रे भिंतीकडे बघत बसतात आणि भाडे चालू असते. या वेळात बायकांचा वर्ग सुरू करावा. अकराच्या सुमारास घरचे आवरून येणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. त्यांना शिकवायला बाई हवी, आत यायला वेगळी वेळ हवी आणि बाहेर टोळकी नकोत, एवढीच अट. गुडघे आणि पाठ दुखणारे पेन्शनर दुपारी चारला येऊ शकतात. त्यांना वजने नकोतच. खुर्ची, दोरी आणि धीर देणारा माणूस पुरतो. वीस-पंचवीस माणसे या वेळात आली तर मालकाचा पगार तिथून निघतो.

दुसऱ्या एका उत्पन्नाबद्दल मला चार शब्द बोलायचे आहेत. प्रथिनांचे डबे विकून कमिशन मिळते. कायद्याने अन्नपदार्थ विक्रीची नोंदणी करून, पक्क्या पावतीने कोणी ते विकीत असेल तर माझे म्हणणे नाही. पण डबा विकणारा हळूहळू गरज नसलेल्यालाही डबा घ्यायला लावतो, आणि डब्यावरून गोष्ट इंजेक्शनावर जाते. गावाकडचा अठरा वर्षांचा पोरगा ‘वस्तादां’चा शब्द प्रमाण मानतो. त्याच्या यकृताच्या किमतीवर जिमचा हप्ता फिटू नये.

आता यंत्रांविषयी. लोखंडाची वजने, दांडे, बाके यांना मरण नाही, नातवंडे वापरतील. धावपट्टीचे यंत्र मात्र पट्टा, मोटार आणि विजेच्या दाबाची चढउतार यांनी खर्चात पाडते, आणि तेच सर्वांत महाग असते. दर्शनी भागात ते चार मांडले की जिम ‘शहरासारखी’ दिसते, म्हणून घेतले जातात. जिल्ह्याच्या गावात सुरुवातीला एक पुरे. बाकी यंत्रे जुनी मिळाली तर पाहावीत. यंत्रांवरचे कर्ज दहाऐवजी पाच लाख झाले तर हप्ता निम्मा होतो आणि तेरा-चौदा सभासदांचा भार कमी होतो. भाडे आठ हजारांनी कमी झाले तरी दहा सभासद कमी लागतात. जिम हे किराणा दुकान नव्हे. येणारा गल्लीत शिरूनही येतो. मात्र वरच्या मजल्यावर जागा घ्यायची तर स्लॅब वजन पेलेल का हे इंजिनिअरला विचारावे आणि खालच्या बिऱ्हाडालाही विचारावे.

कर्ज मिळणे आता पूर्वीइतके कठीण नाही. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत दहा लाखांपर्यंत तारण लागत नाही. तारण लागत नाही याचा अर्थ फेडावे लागत नाही असा काहीजण करतात, असो. वस्तू व सेवा कर सेवाव्यवसायात वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. त्यापुढे गेलात तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा दर १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, परंतु यंत्रे किंवा भाडे यांवर भरलेला कर आता वळता मिळत नाही. वर्तमानपत्रांनी पहिली अर्धी बातमी ठळक दिली होती.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे व्यायामशाळा बंद झाल्या आणि महाराष्ट्रात त्या उघडल्या त्याच वर्षीच्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला. सात महिने. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, पण व्याज चालू होते आणि भाड्याला तर अशी मुभा कोणीच दिली नव्हती. पुढच्या वर्षी पुन्हा टाळे लागले. त्या दोन वर्षांत ज्यांच्या गाठीला काही होते ते तगले. बाकीच्यांनी यंत्रे मिळेल त्या भावाला काढली. महामारी रोज येत नाही हे खरे. पण रस्त्याचे काम निघते, मालकाचा पाय मोडतो, समोर दुसरी जिम उघडते, ग्रामपंचायत मैदानात खुली व्यायामशाळा बसवते आणि तिथे फी नसते. आमच्या त्या कागदावरच्या हिशेबाने सहा महिन्यांचे भाडे आणि हप्ते मिळून अडीच लाख होतात. ते आधी बाजूला ठेवून मग उरलेल्यात यंत्रे घ्यावीत, असे मी त्या विद्यार्थ्याला म्हणालो. त्याने यादीतली तीन यंत्रे खोडली; चौथ्यावर त्याचा हात अडला.

मग मी त्याला भाड्याचा कागद दाखवायला सांगितले. करार अकरा महिन्यांचा होता आणि कर्ज साठ महिन्यांचे. आपल्याकडे अकरा महिन्यांचीच वहिवाट आहे आणि जागामालक बहुधा ओळखीचे असतात, म्हणून कोणी तो कागद नीट वाचीत नाही. जिम चांगली चालली की पहिल्यांदा कळते ते जागामालकाला, आणि बाराव्या महिन्यात भाडे दीडपट होते. म्हणून करार निदान कर्जाच्या मुदतीइतका असावा, दरवर्षी भाडे किती वाढेल ते त्यात आकड्यात लिहिलेले असावे, आणि तो नोंदवलेला असावा. नोंदणीला दोन-चार हजार जातात. जागा सोडायची वेळ आली तर यंत्रे गाडीत घालून नेता येतात, रबराची फरशीही उचलता येते. भिंतीचे आरसे, स्वच्छतागृह आणि वीजजोडणी जागामालकाकडे राहतात.