इअरफोन बिघडलाच नव्हता

आजचा भाग माझ्याच कानाचा आहे.

फेब्रुवारीतली सकाळ. शहाद्याला घरी उठलो, इअरफोन लावले, तर डावी बाजू बंद. वायर हलवली, फोन रिस्टार्ट केला. मग इअरफोनची अदलाबदल केली. उजव्या कानात दोन्ही मस्त वाजत होते. बिघडला होता तो कान.

आत एक बारीक शिट्टी, आणि कान भरल्यासारखा. दुखत काहीच नव्हतं, म्हणून घाबरलोही नाही. आईनं लसणाचं कोमट तेल घातलं, मेडिकलवाल्यानं मळ काढायचे थेंब दिले. त्यात आठ दिवस गेले.

मग फार्मसी शिकणारा मित्र म्हणाला, "तोंड मिटून गुणगुण बरं. कुठल्या बाजूला जास्त ऐकू येतं?" उजवीकडे, चांगल्या कानात. मळानं कान बंद असता तर आवाज त्याच बंद कानात जास्त घुमला असता. चांगल्या कानाकडे गेला की संशय आतल्या नसेवर. हे काही निदान नाही. ईएनटी डॉक्टर ट्यूनिंग फोर्क कपाळावर टेकवून हेच बघतात आणि मग ऑडिओमेट्री करतात. पण या गुणगुणण्यामुळे मी त्याच दिवशी धुळ्याची एसटी पकडली.

तीन दिवसांच्या आत, सलग तीन फ्रिक्वेन्सींवर किमान 30 डेसिबल ऐकणं कमी झालं तर त्याला अचानक आलेला बहिरेपणा म्हणतात. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. गायिका अलका याज्ञिक यांनी जून 2024 मध्ये सांगितलं होतं ना, विमानातून उतरल्यावर ऐकूच येईना म्हणून? त्यांच्या डॉक्टरांनी व्हायरसकडे बोट दाखवलं होतं. माझ्या बाबतीत एमआरआयही झाला. गाठ नाही, काही नाही.

औषध म्हणजे स्टेरॉइड, प्रेडनिसोलोन. साधारण किलोमागे 1 मिलिग्रॅम, दिवसाला जास्तीत जास्त 60, एक-दोन आठवडे, मग हळूहळू कमी. सुरुवात पहिल्या दोन आठवड्यांत व्हावी लागते. पुरावा मात्र पक्का नाही बरं. 1980 च्या एका गाजलेल्या अमेरिकन अभ्यासात स्टेरॉइड घेतलेले 61 टक्के सुधारले, नुसती खोटी गोळी घेतलेले 32 टक्के. नंतरचे सगळे अभ्यास त्याच्याशी जुळले नाहीत. म्हणजे काहींचा कान आपोआपही परततो. गोळ्यांनी भागलं नाही तर पडद्यातून आत इंजेक्शन देतात. मलाही दिलं. चक्कर आली, पण वाटलं होतं तेवढं भयंकर नव्हतं.

आता आपल्या भागासाठी एक गोष्ट. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, सगळीकडे सिकलसेलचे पेशंट आहेत. सिकलसेलमुळेही कान असा अचानक जाऊ शकतो, आणि स्टेरॉइडनं त्या पेशंटला वेदनेचा झटका येऊ शकतो. म्हणून कार्ड असेल तर आधी डॉक्टरांसमोर ठेवा. शुगर असेल तर तेही सांगा, ती वाढते. आणि चुलतभावाची उरलेली पट्टी घेऊन स्वतःच सुरू करू नका, प्लीज.

माझं ऐकणं निम्मंअर्धं परत आलं. ते आठ दिवस वाचले असते तर जास्त आलं असतं का? डॉक्टर म्हणाले, कुणीच सांगू शकत नाही. आई अजून तेलाची वाटी बघितली की गप्प होते. मी तिला दोष दिलेला नाही. थेंब तर मीच आणले होते.

हा भाग मी एका कानानं मिक्स केलाय. डावीकडे आवाज कमी-जास्त वाटला तर कळवा.