पत्त्याचा रकाना

(भिगवण येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)



मला बोलावताना संयोजक म्हणाल्या, तुम्ही निवृत्त शिक्षिका, तेव्हा शिक्षण हक्क कायद्यावर बोला. कायद्यावर बोलेनच. पण आधी एक प्रसंग सांगते. तो माझा स्वतःचा आहे आणि त्यात मी काही चांगली दिसत नाही.

२०११ सालचा डिसेंबर. उजनीच्या फुगवट्याकडेच्या एका शाळेत मी मुख्याध्यापिका होते. अकराच्या सुमाराला एक बाई दारात आली. साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट घातलेला, पाचटानं हात कापू नयेत म्हणून ऊसतोडीच्या बाया घालतात तसा. बरोबर नऊ-दहा वर्षांची मुलगी, आणि मुलीच्या कडेवर वर्षाचं पोर. बाई म्हणाली, “बाई, हिला बसू द्या. गावाकडं तिसरीत हाय. वाचती चांगली.”

मी विचारलं, “दाखला?”

“दाखला गावाकडं. रातचं ट्रक भरला आन् आलो. कोन देतंय दाखला?”

“मग नाव घालता यायचं नाही. राहता कुठं?”

“कोपीवर.”

समोर जनरल रजिस्टर उघडं होतं. पत्त्याच्या रकान्यावर पेन टेकवून मी म्हणाले, “कोपी हा काय पत्ता झाला?” रागावून नाही म्हटलं. सहज म्हटलं. आणि वर हेही म्हटलं की लहान पोर वर्गात चालणार नाही. बाईनं वाद घातला नाही. मुलीला पुढं घालून ती निघून गेली.

तिचं गाव बीड जिल्ह्यात, इथून दीड-दोनशे किलोमीटर. दाखला आणायचा म्हणजे दोन दिवस मोडणार. ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायको दोघं, हे तुम्हाला ठाऊक आहे. एक गेला की दुसऱ्याचाही दिवस बुडतो. उचल अंगावर असते, खाडा झाला की मुकादम बोलतो. मी तिच्याकडे एक कागद मागितला असं मला वाटत होतं. खरं तर मी दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी आणि एस.टी.चं भाडं मागत होते.

पंधरा दिवसांनी ती मुलगी मला रस्त्यावर दिसली, वाड्याच्या पेंढ्या विकताना. तिनं मला ओळखलं. डोक्यावरची पेंढी सावरत म्हणाली, “नमस्ते बाई.” शाळेत शिकवतात तसं, दोन्ही शब्द ओढून. पुढच्या हंगामात ती टोळी आमच्या बाजूला आलीच नाही. त्या मुलीचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही.

आता कायदा. मुलांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. म्हणजे ती बाई माझ्या दारात आली तेव्हा त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. प्रशिक्षणात मला पुस्तिका मिळाली होती, ती कपाटात होती. त्यात काय आहे? कलम ५ म्हणतं, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही, नाकारता येत नाही. कलम १४ म्हणतं, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १५ म्हणतं, प्रवेशाची मुदत संपली असली तरी मुलाला परत पाठवता येत नाही. डिसेंबरात आलं तरी घ्यायचं, फेब्रुवारीत आलं तरी घ्यायचं. कलम ४ म्हणतं, मूल कधीच शाळेत गेलं नसेल किंवा मधेच सुटलं असेल तर त्याच्या वयाला साजेशा वर्गात बसवायचं आणि मागं राहिलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचं. आणि स्थानिक प्राधिकरणानं काय काय करायचं हे सांगणारं कलम ९ आहे, त्यात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं स्पष्ट शब्दांत लिहिलंय. हल्ली आधार कार्डाचं कारण पुढं करतात. सप्टेंबर २०१८ मधे सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलंय की शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही.

म्हणजे पत्त्याचा रकाना रिकामा राहिला असता तरी चाललं असतं. ‘कोपी’ असं लिहिलं असतं तरी चाललं असतं.

मग मी का नाही लिहिलं? कायदा माहीत नव्हता असं म्हणून मला सुटता येणार नाही. मला भीती होती. हे मूल मार्चमधे पट्टा पडला की निघून जाणार. मग ते पटावर राहणार, हजेरीत नसणार, गळतीत दिसणार, आणि केंद्रप्रमुख मला विचारणार. एका मुलीला वर्गात बसवणं सोपं होतं, कागदावर बसवणं अवघड वाटत होतं. आजही तुम्हाला जे मुख्याध्यापक नाही म्हणतील त्यांतले बरेचसे दुष्ट नसतील, माझ्यासारखे भित्रे असतील. म्हणून भांडायच्या आधी त्यांची भीती काढता आली तर पाहा. शिक्षण हमी पत्रक नावाची एक सोय आहे. स्थलांतर करताना गावच्या शाळेनं ते मुलाजवळ द्यायचं, इथल्या शाळेनं ते पाहून मुलाला बसवायचं, जाताना पुन्हा नोंद करून द्यायची. मूल हरवत नाही आणि पटही बिघडत नाही. पण रात्री ट्रक भरला जातो तेव्हा पत्रक द्यायला कोण जागं असतं? ते नसलं तरी प्रवेश द्यावाच लागतो, एवढं लक्षात ठेवा.

भिगवणच्या माणसांनी तरी हा प्रश्न परका मानू नये. १९८० साली उजनी धरण पुरं झालं, त्यात भीमाकाठची किती गावं गेली हे तुमच्या आईबापांना विचारा. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, आपण ते पोराबाळांना दाखवायला नेतो. घर उठणं म्हणजे काय ते आपल्या घरात माहीत आहे. त्याच पाण्यावर ऊस आला, कारखाने उभे राहिले, आणि तो ऊस तोडायला बीड-नगरकडची बिनपाण्याची माणसं दरसाल येऊ लागली. सहा महिने त्यांचं घर म्हणजे पाचटाची नाहीतर प्लॅस्टिकच्या कागदाची कोपी. वीटभट्टीवरची मुलं, पाल ठोकून राहणारी मुलं यांचंही हेच. ‘बेघर’ म्हटलं की आपल्याला मुंबईचा फूटपाथ आठवतो. आपल्या शिवारातली कोपी आठवत नाही.

आणि हा बायांचा प्रश्न का आहे, ते त्या मुलीच्या कडेवर होतं. आई पहाटे तीनला उठते, भाकरी थापते, चारला फडात. धाकटं पोर कोणाकडे? थोरल्या मुलीकडे. मुलगा असला तर एखादे वेळी शाळेत जातोही. मुलगी पाणी भरते, पोर सांभाळते, कोपी राखते. आईच्या अंगात त्राण उरलं नाही की तिचं कामही मुलीकडे येतं. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ बायांची गर्भाशयं काढलेली निघाली. अशा बाईच्या घरात दहा वर्षांच्या पोरीला शाळेत कोण पाठवणार? म्हणून माझं म्हणणं असं, की मुलीचं नाव शाळेत घालायचं असेल तर आधी धाकट्याची सोय अंगणवाडीत करा. अंगणवाडी लांब असेल तर कोपीजवळ पाळण्याची सोय मागा, कारखान्याकडे मागा. कारखाना ऊस मोजून घेतो, तोडणाऱ्यांची पोरं मोजायला काय हरकत आहे?

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. जनार्थसारख्या संस्थांनी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवल्या, मग कायदा आल्यावर मुलांनी जवळच्या नेहमीच्या शाळेतच बसावं असं ठरलं, ते तत्त्व म्हणून बरोबरच. गावाकडेच मुलांना ठेवावं म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत. २०२१ साली संत भगवानबाबा यांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली, मुलांचं वेगळं, मुलींचं वेगळं. पण वयात येणारी मुलगी मागं ठेवून जायला आईचं मन धजत नाही, आणि त्या आईला मी तरी नावं ठेवणार नाही. ती मुलगी आईबरोबर इथेच येणार. आणि चौदा वर्षं पुरी झाली की हा कायदाही तिचा हात सोडतो. त्याच वयात तिचं लग्न ठरतं, म्हणजे नवा कोयता तयार होतो.

करायचं काय ते थोडक्यात सांगते. आईला एकटीला शाळेत पाठवू नका, तुमच्यातल्या दोघी बरोबर जा. अर्ज दोन प्रतींत न्या, एकावर पोच घ्या. नकार आला तर तो लेखी मागा. लेखी मागितला की निम्मे नकार तिथेच विरघळतात, हे मी त्या खुर्चीत बसून सांगते आहे. तरीही अडलं तर इंदापूरला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, बारामती तालुक्यातलं गाव असेल तर बारामतीला. कलम ३२ खाली लेखी तक्रार करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो. पण हंगाम पाच महिन्यांचा, त्यातले तीन तक्रारीत घालवू नका. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायांच्या आहेत, त्यांतल्या बऱ्याचजणी आज या मांडवात बसल्यात. तुम्ही बैठकीला नुसत्या सही करायला जाता की बोलायला, ते तुमचं तुम्हाला माहीत.

आणि एक बारीक गोष्ट. पहिल्या दिवशी मुलीला पहिल्या बाकावर बसवायला सांगा, आणि दुपारच्या खिचडीचं ताट तिच्यापुढं आलं की नाही ते बघून मगच शाळेतून निघा. नाव पटावर चढायला चार दिवस लागले तरी ताट त्याच दिवशी मिळालं पाहिजे.

दिवाळी झाली की टोळ्या उतरतील. अर्जाच्या कोऱ्या प्रती मी आणल्यात, तिथे चटईवर ठेवल्यात. पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं असं कोणी विचारलं तर ज्याच्या शेतात कोपी आहे त्याचं नाव आणि गावाचं नाव लिहा. कुठल्या वस्तीवर कोणी जायचं ते आता जेवणाच्या आधी ठरवून घेऊ. डिकसळ आणि कुंभारगावची बाजू मी घेते, मला तिथला रस्ता माहीत आहे.