फ्रिजमधली बाई

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळपासून पोटगी आणि पोलीस पंचनामे झाल्यावर मी कॉमिक्सवर बोलणार म्हटलं तेव्हा काहीजणी हसल्या. हसा. पण आमच्या वस्तीतल्या किशोरी गटात आदल्या रात्रीची मालिका कशी सांगितली जाते ते एकदा ऐका. सांगता सांगता मुली ती बदलून टाकतात. सून दागिने परत मागते, नवऱ्यालाच घराबाहेर काढते. "अगं, काल असं दाखवलं का?" असं मी विचारलं, तर एक म्हणाली, "दाखवलं नाही ताई, पण तिनं करायला पाहिजे होतं." 'विषयांतर नको' म्हणून मी तिला गप्प केलं. ते मला अजून टोचतं.

अमेरिकेत या खोडीला मोठा इतिहास आहे आणि तो बराचसा बायकांनी घडवला. 'स्टार ट्रेक' ही अंतराळयानाची मालिका १९६६ ते १९६९ चालली. १९६७ सालीच डेव्हरा लँगसम आणि शेरना कॉमरफर्ड या दोघींनी तिच्यातल्या स्पॉक या पात्राच्या नावावरून 'स्पॉकनेलिया' नावाचं अंक-पुस्तक काढलं. पुढे अशी कितीतरी निघाली. घरी टाइप करायचं, चक्रमुद्रित करायचं, टपालानं पाठवायचं. आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना स्टेन्सिलच्या शाईनं काळे झालेले हात आठवतील! मालिकेनं जे सांगितलं नाही, ते या बाया लिहीत होत्या.

काही पोरींनी आपल्यासारखीच एखादी तरुण मुलगी यानावर चढवली. ती हुशार, ती सगळ्यांना वाचवते. १९७३ साली पॉला स्मिथ हिनं अशा कथांची टिंगल करणारी एक छोटी कथा लिहिली, नायिकेचं नाव मेरी सू. कथा गमतीची होती, पण पुढे ते नाव शिवीसारखं झालं. कुठलीही मुलगी गोष्टीत जरा कर्तबगार दिसली की म्हणायचं, मेरी सू! जहाज वाचवणारा देखणा कॅप्टन मात्र कुणाला खटकला नाही.

आता सुपरहिरोंकडे येते. १९९४ साली 'ग्रीन लँटर्न'च्या एका अंकात नायक घरी येतो, तर त्याच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये कोंबलेलं असतं. तिचं नाव अलेक्झांड्रा. नायकाला चीड यावी एवढंच तिच्या मरणाचं काम. गेल सिमोन ही कॉमिक्स वाचणारी, केशकर्तनाचा व्यवसाय करणारी बाई. तिनं १९९९ साली अशा मारल्या गेलेल्या, बलात्कार झालेल्या, शक्ती गमावलेल्या स्त्री-पात्रांची यादीच केली आणि तिला नाव दिलं 'फ्रिजमधल्या बायका'. यादी लांबत गेली.

त्या यादीत बार्बरा गॉर्डन होती. ग्रंथपाल असलेली, रात्री बॅटगर्ल होणारी. १९८८ च्या 'द किलिंग जोक'मध्ये जोकर तिच्या दारात येऊन गोळी झाडतो. तिच्या कण्याला इजा होते. कशासाठी? तिच्या पोलीस अधिकारी बापाला वेड लागावं म्हणून. गोष्ट जोकरची, बापाची, बॅटमनची. ती नुसती जमिनीवर पडलेली.

किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखक जोडप्याला हे पटलं नाही. १९८९ मध्ये त्यांनी बार्बराला 'ओरॅकल' म्हणून परत आणलं. ती व्हीलचेअरवर आहे, संगणकावर बसते आणि भले भले नायक तिच्याकडून माहिती मागतात. गोळी त्यांनी पुसली नाही. त्यानंतर ती काय करते, ते लिहिलं. २००३ पासून ओरॅकल असलेली 'बर्ड्स ऑफ प्रे' ही मालिका गेल सिमोनच लिहू लागली. म्हणजे तक्रार करणारी वाचक लेखणीपर्यंत पोचली. मात्र २०११ साली प्रकाशकांनी सगळ्या मालिका नव्यानं सुरू केल्या आणि बार्बरा पुन्हा चालू लागली. ती लिहिणारीही सिमोनच. काहींना आनंद झाला. अनेक अपंग वाचकांना वाटलं, आमची एकुलती एक हिरावली. मला त्यांचं म्हणणं पटतं, तरी आपली बॅटगर्ल परत मिळाली म्हणून हरखलेल्या मुलींना चूक म्हणवत नाही.

हे सगळं मी इथे का सांगते? एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला केस लिहायला शिकवलं: पार्श्वभूमी, समस्या, हस्तक्षेप, फलनिष्पत्ती. त्याच साच्यात मी एका बाईची केस वार्षिक अहवालासाठी लिहिली. नवऱ्यानं तिचा हात मोडला होता. छापण्याआधी तिला वाचून दाखवली. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "ताई, ह्यात मी नुसती मार खाते."

मी विचारलं, तुम्ही कुठून सुरू कराल? ती म्हणाली, "हाताचं प्लास्टर निघायच्या आधी मी डबे सुरू केले, तिथून. पोरगी कणीक मळायची, मी एका हातानं लाटायचे. आणि ते शेवटचं काढा, संस्थेनं न्याय मिळवून दिला ते. कोर्टात तारखेला तुम्ही दोनदा आलात. बाकी मी एकटी जात होते."