घरच्या कुत्र्या-मांजरांचे जेवण
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरते आणि आयुष्य गेले मुलांना धुळाक्षरे गिरवावयास लावण्यात. पशुवैद्याचा अधिकार आम्हांस नाही. तथापि निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, आणि या विषयावर जे वाचले ते जाणत्या पशुवैद्यांस विचारून पडताळूनही घेतले. तेच आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

ज्ञातीच्या संमेलनात कुत्र्या-मांजरांच्या जेवणाचा विषय कशास, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आपल्या घरांतच आहे. पूर्वी वाड्यात मांजर असे ते उंदरांसाठी आणि कुत्रा असे तो राखणीसाठी. मांजराला वाटीभर दूध आणि पोळीचा तुकडा, कुत्र्याला शिळी भाकरी, एवढ्यावर त्यांचे भागले, असे आपण समजत होतो. वास्तविक तेवढ्यावर भागत नव्हते. मांजर रात्री माळ्यावर उंदीर मारी, परसात पाली आणि पाखरे धरी. कुत्रा गावभर हिंडून आपले पोट भरी. आपण देत होतो तो केवळ वरचा घास. खरे जेवण ती जनावरे स्वतःच मिळवीत होती.

आज काय स्थिती आहे? वाडे गेले आणि सदनिका आल्या. मुले शिक्षणानिमित्त व नोकरीनिमित्त परगावी, परदेशी गेली. मागे राहिलेल्या वृद्ध दांपत्यास सोबत म्हणून मुले एखादे पिल्लू आणून देतात, आणि ते घरातले तिसरे माणूस होऊन बसते. चौथ्या मजल्यावरील त्या मांजराला ना उंदीर दिसतो, ना परस. आपण ताटलीत जे वाढू, तेवढेच त्याचे अन्न. म्हणून पूर्वीची दूध-पोळी आज तशीच चालू ठेवणे म्हणजे त्याला भरल्या घरी उपाशी ठेवणे होय. आमच्या आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

मुक्या प्राण्यास घास घालण्याचा संस्कार आपणांस नवा नाही. श्राद्धाच्या पंचबलींमध्ये गाईचा व कावळ्याचा जसा वाटा आहे, तसा श्वानाचाही आहे. सोबतच्या कुत्र्यास टाकून स्वर्गात येण्यास धर्मराजाने नकार दिला, ही महाभारतातली कथा आपण लहानपणी ऐकली आहे. कुत्र्याने भाकरी पळविली असता ती कोरडी खावी लागू नये, म्हणून नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, अशी आख्यायिका आहे. या कथांतील भूतदया शिरोधार्य आहेच. परंतु भूतदयेस शास्त्राची जोड हवी. नामदेवरायांच्या कथेतला कुत्रा रानोमाळ धावणारा होता. सोफ्यावर झोपणाऱ्या आपल्या कुत्र्यास रोज तुपाची वाटी दिली, तर त्याचा मेद वाढेल आणि स्वादुपिंडास सूज येऊन जिवावरही बेतेल.

प्रथम मांजराचा विचार करू, कारण अन्याय होतो तो अधिक त्याच्यावरच. 'मांजर डोळे मिटून दूध पिते' या म्हणीमुळे दूध हेच मांजराचे अन्न, अशी आपली समजूत झाली आहे. वस्तुतः मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांस दुधातील साखर पचत नाही व त्यांस ढाळ लागते. मांजर हे जन्मजात मांसाहारी जनावर आहे. त्याच्या जिभेला गोड चवसुद्धा कळत नाही. त्या चवीचे जनुक मांजराच्या कुळात निकामी झालेले आहे, हे संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले. गाजर-भोपळ्यातील रंगद्रव्यापासून आपले शरीर 'अ' जीवनसत्त्व बनविते. मांजरास ते साधत नाही. त्यास ते प्राणिज अन्नातूनच मिळावे लागते.

यांहून महत्त्वाचे द्रव्य म्हणजे टॉरीन. हे द्रव्य मांसात व मासळीत असते, धान्यात व भाजीत जवळजवळ नसते, आणि मांजराच्या शरीरात ते पुरेसे तयार होत नाही. ते न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यांतील पडदा झिजून अंधत्व येते, हे १९७५ साली सिद्ध झाले. त्याच उणिवेमुळे हृदयाचे स्नायू दुबळे होऊन मांजर दगावते, हे कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील पशुवैद्यांनी १९८७ साली दाखविले. विशेष हे की, त्या वेळी आजारी पडलेली मांजरे कारखान्यात तयार झालेले अन्न खाणारी होती. त्यानंतर कारखानदारांनी आपल्या अन्नातील टॉरीन वाढविले. मोठमोठ्या कारखान्यांस जे उमगले नव्हते, ते आपल्या स्वयंपाकघरात आपोआप साधेल, असे मानण्यात अर्थ नाही.

येथे एक नाजूक प्रश्न उपस्थित होतो. आपल्या ज्ञातीतील काही घरांत मासळी चालते, काही घरे कडक शाकाहारी आहेत. शाकाहारी घराने मांजराचे काय करावे? 'आमच्या घरचे मांजर आमच्यासारखेच सात्त्विक आहे, वरण-भात खाते' असे कौतुकाने सांगणाऱ्या माउल्या आम्ही पाहिल्या आहेत. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. परंतु व्रत हे ज्याने समजून घेतले त्याचे असते. मांजराने कोणतेही व्रत घेतलेले नाही. जो संकल्प त्याने सोडला नाही, त्याचे उद्यापन त्याच्या डोळ्यांनी का करावे? अंडे दिले म्हणजे मध्यम मार्ग झाला, असेही कित्येक मानतात. पण अंड्यात टॉरीन अत्यल्प असते. म्हणून ज्यांच्या घरात मांस-मासळी शिजणे अशक्य आहे, त्यांनी मांजरासाठी बाजारातील संपूर्ण व संतुलित अन्न आणावे, त्याची ताटली व जागा वेगळी ठेवावी, म्हणजे घराचा आचारही राहील आणि मांजराचा जीवही राहील. तेही मनास पटत नसेल, तर मांजर पाळूच नये. त्यात कमीपणा नाही.

ज्या घरांत मासळी चालते, त्यांनीही थोडी सावधगिरी बाळगावी. केवळ मासळीवर मांजर ठेवल्यास 'ई' जीवनसत्त्व कमी पडते. रोज काळीज घातल्यास 'अ' जीवनसत्त्व अति होऊन मानेची हाडे जखडतात. अति तेथे माती, हे येथेही खरे. कोंबडीचे मांस व हृदय यांवर मुख्य भर असावा, मासळी आठवड्यातून एक-दोनदा काटे काढून द्यावी. ती उकडलेली असावी, कारण काही जातींच्या कच्च्या मासळीत 'ब-१' जीवनसत्त्वाचा नाश करणारे द्रव्य असते. मांस उकडले की टॉरीन पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी ओतून न देता जेवणात कालवावे. मांजराचे पूर्वज वाळवंटी प्रदेशातले असल्याने त्यास तहान कमी लागते. हे ओले जेवण त्याच्या मूत्रमार्गासही हितकर ठरते.

आता कुत्र्याकडे वळू. लांडग्यापासून कुत्रा झाला खरा, पण माणसाच्या सहवासात त्याचे पोट बदलले. पिठूळ अन्न पचविणाऱ्या रसाच्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती असतात, तर कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत आढळतात, असे २०१३ सालच्या संशोधनात दिसून आले. म्हणजे शिजविलेला भात व भाकरी कुत्र्यास पचते, आणि पशुवैद्याच्या देखरेखीखाली अंडी, दही, पनीर व डाळी यांवरही कुत्रा राहू शकतो. शाकाहारी घरास कुत्रा म्हणूनच अधिक मानवतो.

परंतु आपल्या ताटातले उरलेले म्हणजे कुत्र्याचे जेवण नव्हे. आपल्या रश्शात कांदा-लसूण असतो. कांदा व लसूण यांनी कुत्र्याच्या व त्याहूनही मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. सत्यनारायणाच्या शिऱ्यातील बेदाणे आणि चिवड्यातील मनुका थोड्या पोटात गेल्या तरी कित्येक कुत्र्यांची मूत्रपिंडे बंद पडतात, तेव्हा प्रसाद म्हणूनही तो घास देऊ नये. देवास त्याचा राग येणार नाही. चॉकलेट विषासमान. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या मिठाया व गोळ्या कुत्र्याची रक्तशर्करा एकदम उतरवितात. शिजविलेले हाड फुटून त्याचे अणकुचीदार तुकडे आतड्यात रुततात, म्हणून मटणाची नळी घरच्या कुत्र्यास कधीही देऊ नये.

मग शिजवावे तरी काय? सुमारे १० किलो वजनाच्या, निरोगी व प्रौढ कुत्र्यास दिवसाकाठी ६०० उष्मांकांच्या आसपास अन्न पुरते. त्यासाठी हाडे काढलेले कोंबडीचे मांस २०० ग्रॅम, शिजलेला भात २०० ग्रॅम, लाल भोपळा, गाजर वा फरसबी यांपैकी एखादी भाजी ८० ग्रॅम, एक अंडे आणि लहान चमचाभर तेल, एवढे सर्व शिजवून एकत्र करावे. फोडणी, तिखट व हिंग नको. हे दोन वेळांत वाटून द्यावे. यांत सर्वांत विसरली जाणारी वस्तू म्हणजे चुना. मांसात फॉस्फरस पुष्कळ व कॅल्शियम अगदी थोडे असते. केवळ मांस-भातावर वाढविलेल्या पिल्लांची हाडे मऊ पडून मोडतात, ती याच कारणाने. त्यावर उपाय आपल्या केराच्या टोपलीतच आहे. अंड्याची टरफले उकळून, वाळवून, भाजून त्यांची वस्त्रगाळ पूड करावी. एका टरफलात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. वरील जेवणात अर्धा लहान चमचा पूड पुरे.

एवढ्यानेही जेवण संपूर्ण होत नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. जस्त, आयोडीन, 'ड' व 'ई' जीवनसत्त्वे यांची उणीव राहतेच. डेव्हिस येथील पशुवैद्यांनी पुस्तकांतील व अन्यत्र प्रसिद्ध झालेल्या कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांपैकी १९० कृतींत एक ना एक आवश्यक घटक कमी होता. म्हणून रोज घरचेच घालावयाचे, तर आपल्या जनावराचे वजन, वय व आजार पशुवैद्यास सांगून खनिज-जीवनसत्त्वांची पूड ठरवून घ्यावी. आठवड्यातून एक-दोनदा घरचे व एरवी संतुलित तयार अन्न, असा क्रम ठेवल्यास काळजी कमी. कोणताही बदल मात्र आठवडाभरात हळूहळू करावा.

बाजारच्या पुड्यांविषयी टोकाची भूमिका नको. जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८६० च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटे काढली. हा धंदा तेव्हापासूनचा. २००७ साली उत्तर अमेरिकेत भेसळीच्या गव्हातून मेलामाइन पोटात जाऊन कित्येक कुत्री-मांजरे मूत्रपिंडाच्या विकाराने दगावली, आणि पुष्कळ माल बाजारातून परत घ्यावा लागला, हेही खरे. तात्पर्य, पुडा असो वा पातेले, डोळसपणा दोन्हीकडे हवा. पुड्यावर अन्न संपूर्ण व संतुलित असल्याचा उल्लेख आहे की तो केवळ खाऊ आहे, हे वाचूनच घ्यावा.

खाऊवरून आठवले. आजी-आजोबांचा हात खाऊच्या डब्याकडे वारंवार जातो आणि तेथेच जनावर लठ्ठ होते. दिवसाच्या अन्नाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक खाऊ नसावा. वरील १० किलोच्या कुत्र्यास म्हणजे ६० उष्मांक. एका लहान फुलक्यात वा तीन ग्लुकोज बिस्किटांत हा हिस्सा संपतो! त्याऐवजी गाजराचे वा उकडलेल्या दुधीचे तुकडे द्यावेत. रताळे उकडून, पातळ काप करून मंद आचेवर वाळवावे. एक वाटी नाचणीचे पीठ, अर्धी वाटी उकडलेला लाल भोपळा व एक अंडे एकत्र मळून, पातळ लाटून, बोटाच्या पेराएवढे तुकडे तव्यावर मंद भाजले की उत्तम बिस्किटे होतात. मीठ, साखर, गूळ काही घालू नये. मांजरास उकडलेल्या कोंबडीचे चार धागे हाच खाऊ.

भगिनींनो, हे सर्व ऐकून काम वाढले असे वाटेल. प्रत्यक्षात तीन दिवसांचे जेवण एकदम शिजवून, डब्यांत भरून शीतकपाटात ठेवता येते. कामाचा खरा भार वेगळाच आहे. जनावर आपल्याकडे आशेने पाहत असता हात आखडता घेणे, हे खरे कठीण. घरात एकटे राहणाऱ्या वृद्धास त्या पाहण्याचे मोल काय असते, ते आम्ही जाणतो. परंतु ज्याच्या सोबतीसाठी आपण खाऊ देतो, ती सोबत चार वर्षे अधिक टिकावी, हाही त्या खाऊचाच हेतू नव्हे काय?

शेवटी कार्यकारी मंडळास दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. संमेलनाच्या स्नेहभोजनानंतर उरलेला मसालेभात व भाजी कार्यालयामागे कुत्र्यांपुढे ओतण्याची प्रथा बंद व्हावी. बाजूस बिनमसाल्याचा भात व उकडलेली अंडी यांची सोय करणे अवघड नाही. दुसरे, पुढील संमेलनात एखाद्या पशुवैद्यास पाचारण करून, ज्या कुटुंबांकडे कुत्री-मांजरे आहेत त्यांच्या शंकांचे निरसन करावे. मुंबईत परळच्या पशुरुग्णालयास लोक अद्याप 'बैलघोडा' म्हणतात. ते नाव पडले तेव्हा बैल व घोडे यांवर घरे चालत. आज आपल्या घरांत बैल नाही, घोडा नाही. आहे ते एक मांजर किंवा एक कुत्रा, आणि ते सर्वस्वी आपल्या ताटलीवर अवलंबून आहे.