हौसेचे धावणे आणि पोटाचे धावणे

(बुद्ध जयंतीनिमित्त भिवापूर येथे युवकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मला व्यायामावर दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी डॉक्टर नाही आणि पदके मिळविलेला खेळाडूही नाही. मी शाळेत शिकविणारा मनुष्य आहे. चाळिशी उलटल्यावर पोट सुटू लागले म्हणून धावू लागलो, आणि पुढे त्याची गोडी लागली. तेव्हा उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. मी फक्त एका आठवड्याची हकीकत सांगणार आहे. तो आठवडा होता २४ ते ३० मे २०२१ चा. त्या आठवड्यात मी एक चूक केली, आणि तीच चूक दुसऱ्याच्या हातून होताना पाहिली.

ते दिवस आपण कोणीच विसरलो नाही. कोरोनाची दुसरी लाट होती. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती आपण घराघरांत दिवे लावून साजरी केली आणि त्याच रात्री ८ वाजल्यापासून राज्यभर कडक निर्बंध लागू झाले. किराणा सकाळी ७ ते ११. रस्त्यावर फिरणे, धावणे बंद. भिवापुरात खोकला कोणाला नवा नाही. मिरचीच्या सातऱ्यावरून वारा आला की सारे गाव खोकते. पण त्या उन्हाळ्यात कोणी नुसते खाकरले तरी माणसे वळून पाहत आणि दोन पावले मागे सरत.

जयंतीच्या दुसऱ्याच दिवशी माझी तपासणी पॉझिटिव्ह आली. चार दिवस ताप, मग अशक्तपणा. मी घरच्या एका खोलीत होतो, तेव्हाच एप्रिलच्या अखेरीस ब्रह्मपुरीचे माझे भाऊजी, ताईचे यजमान, या आजारात गेले. मी शेवटच्या दर्शनालाही जाऊ शकलो नाही. ताईशी फोनवर बोलावे, तर दोन्हीकडून नुसते हुंदके. असो.

आता आठवड्याकडे वळतो. मुंबईची मोठी मॅरेथॉन दरवर्षी जानेवारीत होते. २०२१ साली ती पुढे ढकलून ३० मे ही तारीख दिली होती, आणि नंतर तीही रद्द झाली. पण माझ्या वहीत ती तारीख लाल शाईने लिहिलेली होती. शर्यत नाही तर नाही, त्या दिवशी आपण आपले २१ किलोमीटर धावायचेच, असा हट्ट मी मनाशी धरला. आजारातून उठलेल्या माणसाला आपण पूर्वीसारखे झालो हे स्वतःलाच सिद्ध करून दाखवावेसे वाटते. माझेही तेच झाले.

सोमवारी २४ तारखेला पहाटे शेतावर गेलो. शेतीच्या कामाला मुभा होती. आमचे शेत तीन एकर. धुऱ्याधुऱ्याने एक फेरी मारली की साधारण साडेचारशे मीटर होतात. काळी जमीन भेगाळलेली, पऱ्हाट्यांचे खुंट वर आलेले, म्हणून जपून पाय टाकावा लागे. सहा फेऱ्या ठीक झाल्या. सातवीला छाती धडधडू लागली. थांबायला हवे होते, पण मी दहा फेऱ्या पूर्ण केल्या. मनगट धरून पंधरा सेकंद नाडी मोजली. ठोके ४३, म्हणजे मिनिटाला १७२. त्या रात्री झोप लागली नाही. मंगळवारी सकाळी अंथरुणातच पुन्हा मोजली. एरवी माझी नाडी साठ असते, ती ८४ भरली.

शरीर हे असे बोलते. पहाटेची नाडी नेहमीपेक्षा बरीच वाढलेली असेल, तर शरीराची कालची झीज भरून आलेली नाही, किंवा आत काही बिघाड आहे, असे समजावे. शिवाय मंगळवारपासून नवतपा सुरू झाला. विदर्भाच्या उन्हाची सवय शरीराला एका दिवसात होत नाही, त्यास दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत रक्तातील पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. मी तर दीड महिना सावलीत काढलेला. म्हणजे आजाराची आणि उन्हाची, अशा दोन्ही परीक्षा मी एकाच दिवशी द्यायला बसलो होतो.

बुधवारी २६ ला बुद्धपौर्णिमा. घरीच वंदना घेतली आणि ब्रह्मपुरीला निघालो. पूर्वी आपली छोटी रेल्वे होती, भिवापूरहून नागभीडला जाणे म्हणजे घरचे काम. पण रुंद मार्गाच्या कामासाठी ती नोव्हेंबर २०१९ मध्येच बंद झाली होती. दुसऱ्या जिल्ह्यात जायचे तर पोलिसांचा ई-पास लागे. त्यात कारण लिहायचे होते. मी लिहिले, बहिणीच्या घरी मृत्यू. एका ओळखीच्या गाडीत चालक आणि मी, असे दोघेच. चंद्रपूर जिल्ह्याच्या हद्दीवर शिपायाने पास पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता हात वर केला.

त्या मोकळ्या रस्त्याने जाताना मला आदल्या उन्हाळ्याची आठवण झाली. २०२० च्या टाळेबंदीत आपल्याच भागातील माणसे तेलंगणात मिरची तोडायला गेली होती आणि तिकडे अडकली. कित्येकजण डोक्यावर बोचके घेऊन पायीच गावाकडे निघाले. त्याच मिरचीच्या शेतांवरून छत्तीसगडमधील आपल्या गावी चालत निघालेली बारा वर्षांची एक मुलगी घर जवळ आले असताना वाटेत मरण पावली. मी हौसेने किलोमीटर मोजणारा माणूस. किलोमीटर असेही मोजले जातात, हे मला तेव्हा कळले.

ताईच्या घरी काय झाले ते सांगत नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी तेच झाले आहे.

गुरुवारी पहाटे जाग आली तेव्हा भाच्याचे अंथरूण रिकामे होते. घरामागच्या मोकळ्या जागेत तो धावत होता. वय एकवीस, पोलीस भरतीची तयारी चाललेली. मुलांना १६०० मीटर धावावे लागते आणि त्याला २० गुण असतात. त्यालाही मेच्या पहिल्या आठवड्यात ताप येऊन गेला होता. थोडे पळायचा, थांबून खोकायचा, पुन्हा पळायचा. मी त्याला हाक मारून बसविले आणि म्हटले, "अरे, अजून महिनाही झाला नाही. थोडी विश्रांती घे."

तो म्हणाला, "मामा, तुमचं धावणं हौसेचं आहे. तुम्ही थांबले तरी पगार चालू राहते. मी थांबलो अन् भरती निघाली तर? बाबा गेले. आता घर कोण पाहणार?"

मित्रहो, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि सोमवारी मी स्वतः काय केले हे आठवून मान खाली गेली. शेवटी मी माझी चूक त्याला सांगितली. १७२ आणि ८४ हे आकडे सांगितले. उपदेशाने जे झाले नाही ते त्या कबुलीने झाले. तो ऐकू लागला.

शुक्रवारी आम्ही दोघांनी सहा मिनिटे चालण्याची चाचणी केली. त्या दिवसांत आरोग्य खाते ही चाचणी घरोघरी करावयास सांगत होते. आधी बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा पाहायचा, मग सपाट जागेवर सहा मिनिटे न थांबता चालायचे आणि पुन्हा पाहायचे. आकडा ९३ च्या खाली गेला, तीनपेक्षा जास्तीने उतरला, किंवा दम लागला, तर डॉक्टर गाठायचा. माझा आकडा ९८ वरून ९७ झाला. भाच्याचा ९७ वरून ९२. धावून नव्हे, नुसते चालून. आम्ही दोघेही त्या यंत्राकडे पाहत राहिलो. ताई दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, "एक गेला, आता दुसरा नको." त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले. छातीचा फोटो निघाला, औषध सुरू झाले, आणि धावणे पूर्ण बंद ठेवण्याची ताकीद मिळाली.

रात्री त्याला मी सोण स्थविराची गोष्ट सांगितली. हा चंपानगरीचा श्रीमंताचा मुलगा. भिक्षू झाल्यावर चंक्रमण करता करता इतका हट्टाला पेटला की तळपायांतून रक्त आले, आणि तरी साध्य होईना म्हणून निराश झाला. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला त्याच वीणेचा दाखला दिला. तार फार ताणली तर सूर नीट निघत नाही आणि सैल सोडली तरी निघत नाही. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे सोडायचं नाही, फक्त तार सैल करायची." मी म्हटले, "बस, तेवढंच."

शनिवारी परतलो. रविवारी ३० मे, लाल शाईची तारीख. पहाटे शेतावर गेलो आणि सहा फेऱ्या मारल्या, सगळ्या चालत. डॉक्टरांनी भाच्याला घरातल्या घरात हळू चालण्याची परवानगी दिली होती. तो तिकडे अंगणात चालत होता आणि फोन चालू होता. आम्ही २१ किलोमीटरचे पावणेतीन किलोमीटर केले आणि कोणाला हरविले नाही. पण त्या दिवसाइतके समाधान मला पुढे कोणत्याही शर्यतीत मिळाले नाही.

त्याला पूर्वीसारखे धावता येण्यास दिवाळी उजाडली. मुंबईची मॅरेथॉन पुढे १५ जानेवारी २०२३ रोजी झाली, त्याच महिन्यात भाच्याची मैदानी चाचणी होती. मैदान त्याने मारले, पण यादीत नाव आले नाही. २०२४ साली त्याने पुन्हा प्रयत्न केला. निकाल काय लागला, ते आज मागच्या रांगेत बसलेल्या त्याला भेटून विचारा.

तरुण मित्रांनो, तुमचे धावणे पोटाचे आहे हे मी जाणतो. म्हणूनच चार गोष्टी सांगतो. सकाळी उठल्याबरोबर नाडी मोजा आणि वहीत लिहा. बरोबरीच्या माणसाशी बोलता येईल इतक्याच वेगाने बहुतेक दिवस धावा, वेगाचे दिवस मोजकेच ठेवा. ताप येऊन गेला असेल तर आधी चाला, मग धावा, आणि छातीत दुखले, धडधडले किंवा चक्कर आली तर त्याच क्षणी थांबून डॉक्टरांकडे जा. उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वी घरी परता. लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढे घरोघरी करता येते. कोणी उन्हाने बरळू लागला किंवा पडला तर त्याला सावलीत न्या, अंग भिजवा, वारा घाला आणि दवाखान्यात पोहोचवा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नका.

आणि मंडळाच्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. ज्याच्या घरी पगार येतो त्याला विश्रांती परवडते. ज्याच्या घरी येत नाही त्याला ती समाजाने परवडवून द्यावी लागते. भरतीच्या हंगामापूर्वी या मुलामुलींची एक दिवस डॉक्टरांकडून तपासणी करवून घ्या. मंडळाच्या कपाटात रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र आणि एक ऑक्सिमीटर ठेवा. आणि आजारी पडलेल्या एखाद्या मुलाच्या घरी दोन महिन्यांचे धान्य पोहोचते करा, म्हणजे तो तार सैल करू शकेल.

 जयभीम.