कासवाचे कवच आणि त्याची दुखणी

कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात मार्च २००६ मध्ये एक प्रचंड कासव मरण पावले. त्याचे नाव अद्वैत. ते हिंदी महासागरातील अल्डाब्रा बेटांच्या जातीचे होते. १८७५ च्या सुमारास ते या संग्रहालयात आले. त्याआधी ते रॉबर्ट क्लाइव्हच्या बागेत होते असे सांगितले जाते, परंतु या कथेला भक्कम पुरावा नाही. त्याच्या वयाविषयीही दीडशेपासून अडीचशे वर्षांपर्यंत निरनिराळे अंदाज केले गेले. त्याच्या अखेरच्या दिवसांतील एक गोष्ट मात्र नोंदली गेली आहे. मृत्यूच्या काही महिने आधी त्याच्या पाठीच्या कवचाला तडा गेला होता आणि त्या तड्याखालच्या मांसात जखम झाली होती. मृत्यूचे कारण यकृताचा विकार असे सांगण्यात आले. तथापि ज्या कवचाकडे पाहून पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांना हा प्राणी अभेद्य वाटला, त्या कवचाखाली दुखरे मांस होते ही गोष्ट वृत्तपत्रे वाचणाऱ्या अनेकांना तेव्हा प्रथमच कळली असेल.

कासवाविषयीच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ येथेच आहे. कवच म्हणजे कासवाचे घर, असे मुलांना शिकवले जाते. घर म्हटले की ते शरीराहून वेगळे झाले. त्याला भोक पाडता येते, रंग देता येतो, तडा गेला तर लांबी भरता येते. वस्तुतः कवच हा कासवाचा सांगाडाच आहे. पाठीचा कणा आणि बरगड्या रुंदावून, त्वचेतील हाडांशी एकजीव होऊन पाठीचे कवच बनते. पोटाकडील सपाट कवचही हाडांचेच असते. दोन्ही मिळून सुमारे साठ हाडे असतात. त्यांवर केराटिनचे, म्हणजे नखे ज्या द्रव्याची बनतात त्याच द्रव्याचे, पातळ शल्क बसवलेले असतात. शल्कांच्या सांध्यांच्या रेषा आणि खालच्या हाडांच्या सांध्यांच्या रेषा एकमेकींवर येत नाहीत. गवंडी भिंत बांधताना विटांचे सांधे चुकवतो, तसाच हा प्रकार असून कवचाचे बळ बरेचसे त्यात आहे. हाडात रक्त वाहते आणि चेतातंतूही असतात. कवचावर हलकेच बोट फिरवले तरी कासवाला ते जाणवते. तेव्हा दोरी बांधण्यासाठी कवचाच्या कडेला भोक पाडणे हे जिवंत हाडाला भोक पाडणेच होय. रंग फासण्यानेही अपाय होतो, कारण रंगातील द्रव्ये विषारी असू शकतात आणि त्या थराखाली कुजणे सुरू झाले तरी ते दिसत नाही.

भारतात घराघरांतून जे कासव गुपचूप पाळले जाते, ते बहुधा तारांकित कासव असते. काळसर पाठीवर पिवळ्या रेषा चांदण्यांसारख्या फाकलेल्या असतात, म्हणून हे नाव. वायव्येकडे राजस्थान, गुजरात व लगतचा सिंध, दक्षिणेकडे तमिळनाडू, आंध्र व कर्नाटकाचा कोरडा मुलूख, आणि श्रीलंका हे त्याचे प्रदेश. ते झुडपी रानात व शेतांच्या बांधांवर राहते आणि गवत, गळलेली पाने, फुले, रानफळे व निवडुंग खाते. पावसाळ्यात त्याची हालचाल वाढते. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाने त्याला संरक्षण दिले असून ते पकडणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. २०१९ साली वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक करारानेही त्याला सर्वांत कडक बंधनांच्या सूचीत घातले. तरीही चोरटा व्यापार थांबलेला नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातील एकाच व्यापारकेंद्रातून वर्षभरात किमान ५५,००० तारांकित कासवे रानातून उचलली गेली. पाय आत दुमडून, चिकटपट्टी गुंडाळून, पिशव्यांतून व पेट्यांतून त्यांची ने-आण होते. घरी येणारे पिल्लू बहुधा या प्रवासातून आलेले असते, आणि त्याची तहान व उपासमार दारात पाऊल टाकण्यापूर्वीच सुरू झालेली असते.

कायद्याची भीती येथे आडवी येते आणि तिचा भार प्राण्यालाच सोसावा लागतो. गच्चीवरून पडलेले, कुत्र्याने चावलेले, वाहनाखाली सापडलेले कासव मालक पशुवैद्याकडे नेत नाही. मग हळद भरली जाते, वर नळदुरुस्तीचा एपॉक्सी लेप लावला जातो आणि तडा दिसेनासा झाला की काम झाले असे समजले जाते. लेपाखाली माती, लाळ आणि जंतू बंदिस्त होतात. महिन्या-दोन महिन्यांनी दुर्गंधी येऊ लागते, तोवर हाड कुजलेले असते. या बाबतीत सामान्य माणसाला फार दोष देण्याचेही कारण नाही. एके काळी पशुवैद्यही फुटलेले कवच फायबरग्लास आणि एपॉक्सीने लगोलग मढवून टाकीत. दूषित जखम बंद करू नये हा शस्त्रक्रियेतील साधा नियम कासवाला लागू करण्यास काळ जावा लागला.

आजची रीत वेगळी आहे. प्रथम रक्तस्राव थांबवावा. त्यानंतर जखम निर्जंतुक सलाईनने धुवावी आणि सलाईनने ओलसर केलेल्या स्वच्छ गॉजने झाकावी. तडा शरीराच्या पोकळीपर्यंत गेला असेल तर आत कोणतेही औषध ओतू नये. पाठीच्या कवचाला लागूनच फुफ्फुसे असतात आणि ओतलेला द्रव सरळ त्यांत उतरू शकतो. जखमेतून श्वासाबरोबर बुडबुडे येत असतील तर फुफ्फुस उघडे पडले आहे असे समजावे. सस्तन प्राण्याच्या छातीला असे छिद्र पडले तर फुफ्फुस मिटते व प्राण जातो. कासवाला आपल्यासारखे मध्यपटल नसते, ते पायांच्या व पोटाच्या स्नायूंच्या हालचालींनी श्वास घेते. त्यामुळे भयंकर दिसणाऱ्या जखमेतूनही ते वाचू शकते. कवच फुटले म्हणजे संपलेच, असे मानून कासव टाकून देणारे या एका कारणासाठी चुकतात. मात्र पाठीच्या मध्यरेषेवरील तडा गंभीर असतो, कारण तेथे पाठीचा कणा कवचातच गुंतलेला आहे. मज्जारज्जूला इजा झाली की मागचे पाय लुळे पडतात. कडेच्या पट्ट्यांचे तुकडे उडाले तर आशा पुष्कळ असते.

पशुवैद्य क्ष-किरण चित्र काढतो, वेदनाशामक व प्रतिजैविक देतो आणि जखम स्वच्छ झाल्यावर तुकडे स्क्रू, तार किंवा धातूच्या पट्ट्यांनी एकमेकांजवळ आणतो. कासव ओरडत नाही म्हणून त्याला दुखत नाही, असे समजून वेदनाशामक वगळू नये. या काळात त्याला ऊब हवी. थंड जागेत ठेवलेल्या कासवाची पचनक्रिया, प्रतिकारशक्ती आणि औषधाचा परिणाम हे सारेच मंदावते. तारांकित कासवाला २८ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान मानवते. माश्यांपासूनही जपावे लागते. पावसाळ्यात उघड्या जखमेत एका दिवसात अळ्या पडू शकतात. येथे एक इशारा आवश्यक आहे. गुरांच्या व कुत्र्यांच्या किड्यांवर सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवाला कधीही देऊ नये. इतर प्राण्यांना मानवणाऱ्या मात्रेनेही कासव लुळे पडून मरू शकते.

अपघात दिसतो तरी. आहाराने व निवाऱ्याने होणारी दुखणी वर्षानुवर्षे न दिसता वाढतात. भात, पोळी, दूध-पाव यांवर वाढवलेल्या पिल्लाचे कवच बोटाने दाबले जाते, जबडा मऊ होतो, पाय शरीराचा भार उचलू शकत नाहीत. हा हाडांचा रोग कॅल्शियमच्या अभावाने, फॉस्फरसच्या आधिक्याने आणि ड-जीवनसत्त्व न मिळाल्याने होतो. ड-जीवनसत्त्व तयार होण्यास २९० ते ३१५ नॅनोमीटर लहरींचे अतिनील किरण कातडीवर पडावे लागतात. साधी काच ते अडवते. त्यामुळे बंद खिडकीतल्या कोवळ्या उन्हात कासव ठेवणारा मालक त्याला ऊब देतो, पण हाडे देऊ शकत नाही. बाहेर ठेवायचे तर सावलीचा कोपराही हवा, नाहीतर तेच ऊन दुपारी जीव घेते.

कवचावरील प्रत्येक शल्क शंकूसारखा उंचावत जाणे हे दुसरे लक्षण. तारांकित कासवाच्या पाठीवर थोडे उंचवटे निसर्गतःच असतात, परंतु पाळीव कासवात ते बेढब होतात. याचा दोष दीर्घकाळ जास्त प्रथिनांना दिला जाई. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आफ्रिकेच्या काटेरी मांडीच्या कासवांची पिल्ले निरनिराळ्या आर्द्रतेत व निरनिराळ्या प्रथिनांवर वाढवली गेली. कोरड्या हवेचा परिणाम प्रथिनांपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे आढळले. तथापि ओलावा म्हणजे चिखल नव्हे. सतत ओल्या, घाणेरड्या जागेत शल्कांखाली जंतू व बुरशी शिरते, पांढरट वा लालसर डाग पडतात, शल्क उचलला की खालून वास येतो. कवच सडणे ते हेच.

आणखी काही दुखण्यांचा नुसता उल्लेख पुरे. नाकातून बुडबुडे, उघडे तोंड आणि ताणलेली मान ही फुफ्फुसाच्या संसर्गाची चिन्हे होत. कासवाला नीट खोकता येत नसल्याने हा रोग साधा समजू नये. पाणी कमी पडल्यास मूत्राशयात खडा होतो. हनुवटीखाली राहील इतक्याच कोमट पाण्यात कासवाला अधूनमधून बसवले तर ते पाणी पिते व मूत्रविसर्जनही करते. मात्र भूचर कासवाला विहिरीत वा टाकीत सोडणे म्हणजे त्याला बुडवणे. भारतीय भाषांत बहुधा एकच शब्द भूचर व जलचर दोघांना पुरतो आणि ही चूक त्यातून वारंवार घडते. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण निरोगी कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात. अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली ती मुलांना होणाऱ्या याच आजारामुळे.

आहार सुधारला तर किती फरक पडतो, याचे उदाहरण सेंट हेलेना बेटावरचे. १८८२ साली तेथे आणलेला जोनाथन नावाचा सेशेल्सचा वृद्ध कासव गव्हर्नरच्या निवासाच्या आवारात केवळ गवतावर राहत असे. या शतकात तेथील पशुवैद्याच्या लक्षात आले की त्याची चोच बोथट व ठिसूळ झाल्याने त्याला गवतही कापता येत नाही. आठवड्यातून एकदा हाताने फळे व भाज्या भरवण्यास प्रारंभ झाला आणि काही काळाने त्याची चोच पुन्हा धारदार झाली.

रस्त्यावर जखमी कासव सापडले तर ते घरी ठेवून घेऊ नये. हवा खेळेल अशा खोक्यात, कोरड्या स्वच्छ कापडावर, पाणी न भरता ठेवावे आणि वन विभागाला कळवावे. ज्यांच्या घरी तारांकित कासव आधीच आहे, त्यांनीही ते रात्री गुपचूप दूरच्या माळावर सोडू नये. आजारी कासवाचा संसर्ग रानातल्या कासवांत जातो आणि आयुष्यभर ताटलीतून खाल्लेल्या कासवाला अन्न शोधता येत नाही. त्यालाही वन विभागामार्फत उपचार व निवारा मिळणे हाच मार्ग आहे.

उपचार मिळालेले कवच भरून येण्यास कित्येक महिने, मोठ्या जखमेत वर्ष-दोन वर्षेही लागतात. मेलेल्या हाडाचा तुकडा खपलीसारखा बराच काळ जागेवरच राहतो. तो ओढून काढायचा नसतो. त्याच्याखाली नवे हाड धरत जाते आणि एक दिवस जुना तुकडा आपोआप सुटून पडतो. उघडी पडलेली जागा फिकट व खडबडीत असते, आणि तेथे पिवळ्या रेषांची पहिली नक्षी बहुधा पुन्हा उमटत नाही.