नावासाठी राखलेली जागा

वसंत व्याख्यानमाला आणि आयपीएल हे दोन्ही उत्सव एकाच उन्हाळ्यात येतात. संध्याकाळची मॅच सोडून तुम्ही इथे आलात, तेव्हा विषय तरी क्रिकेटचा असावा हे बरंच झालं. २८ मार्च २०२५ रोजी चेन्नईच्या घरच्या मैदानावर, चेपॉकवर, बंगळुरूने चेन्नईसमोर १९७ धावांचं लक्ष्य ठेवलं. महेंद्रसिंग धोनी फलंदाजीला आला तो नवव्या क्रमांकावर, अश्विनच्याही नंतर. त्याने १६ चेंडूंत नाबाद ३० धावा केल्या, शेवटच्या षटकात षटकार मारले, मैदान दणाणून गेलं आणि चेन्नई ५० धावांनी हरली. २००८ नंतर बंगळुरूने तिथे मिळवलेला हा पहिलाच विजय. पुढच्या सामन्यानंतर चेन्नईचे प्रशिक्षक स्टीफन फ्लेमिंग यांनी खुलासा केला की धोनीचे गुडघे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत आणि दहा षटकं पूर्ण ताकदीने फलंदाजी करणं त्याला शक्य नाही. खुलासा प्रामाणिक होता. पण त्याचा अर्थ असा की ज्याने कधी खेळायला जायचं हे सामन्याच्या गरजेवर नव्हे तर त्याच्या शरीरावर ठरतं, अशा फलंदाजासाठी संघाने एक जागा राखून ठेवली होती. माझं म्हणणं या राखीव जागेबद्दल आहे.

वयाबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या मुंबईचा प्रवीण तांबे एकही प्रथम श्रेणी सामना न खेळता २०१३ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी राजस्थानकडून आयपीएलमध्ये उतरला आणि पुढच्याच वर्षी त्याने कोलकात्याविरुद्ध हॅटट्रिक घेतली. त्याला नाव नव्हतं, लेगस्पिन होती. आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलेल्या शेन वॉर्नने २००८ चं पहिलं विजेतेपद राजस्थानला मिळवून दिलं. ‘म्हाताऱ्यांची फौज’ म्हणून ज्या चेन्नईची थट्टा झाली, तिने २०१८ ची अंतिम लढत छत्तीस वर्षांच्या शेन वॉटसनच्या नाबाद ११७ धावांवर जिंकली. इथे कोणी म्हणेल की मग तुमचा मुद्दाच खोडला गेला. नाही. या तिघांना जागा मिळाली ती काम होत होतं म्हणून, आणि जोवर होत होतं तोवरच. शिवाय चेन्नईच्या नंतरच्या विजेतेपदांकडे नीट पाहिलं तर २०२१ मध्ये सर्वाधिक धावा करणारा चोवीस वर्षांचा पुण्याचा ऋतुराज गायकवाड दिसतो, २०२३ मध्ये शिवम दुबे आणि विशीतला मथीशा पथिराना दिसतात. फलकावर चेहरा एकाचा आणि भार दुसऱ्यांवर, अशी ती विभागणी होती.

या विभागणीला लीगने नियमांचा आधार दिला, हे मला अधिक खटकतं. सुरुवातीलाच ‘आयकॉन’ खेळाडूंची सोय झाली. सचिन, सौरव, द्रविड, सेहवाग, युवराज यांना आपापल्या शहराच्या संघात ठेवायचं आणि संघातल्या सर्वांत महाग खेळाडूपेक्षा पंधरा टक्के जास्त मानधन द्यायचं. नव्या स्पर्धेला प्रेक्षक हवे होते, म्हणून तेव्हा ते समजण्यासारखं होतं. पण २०२५ च्या हंगामासाठी काय झालं? पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला भारतीय खेळाडू ‘अनकॅप्ड’, म्हणजे देशासाठी न खेळलेला, धरण्याचा मोडीत काढलेला नियम परत आणला गेला, आणि दोन विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार धोनी नवोदितांच्या रांगेत बसून चार कोटींत कायम राहिला. गोलंदाज संदीप शर्मालाही याचा लाभ मिळाला हे खरं, पण संदीप शर्मासाठी कोणी नियम उकरून काढला असेल असं मला वाटत नाही.

यावर नेहमीचं उत्तर असतं की लोक ताऱ्यांसाठीच तिकीट काढतात, तारे गेले तर पैसा जाईल. प्रेक्षकांचं वेड खोटं नाही. आपण बाद होऊन धोनी कधी येतो याची चेपॉक वाट पाहतं, हे २०२३ मध्ये चेन्नईच्या जाडेजानेच हसत बोलून दाखवलं होतं. पण पैशाचा हिशेब वेगळा आहे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना आधीच विकले गेले आहेत आणि त्यातला मोठा वाटा सगळ्या संघांना मिळतो, तारा असो वा नसो. आणि सर्वांत मोठा तारा गेल्यावर काय होतं, हे तर मुंबईने पाहिलेलंच आहे. २०१३ मध्ये रिकी पाँटिंगने हंगामाच्या मध्यात स्वतःला संघाबाहेर ठेवलं, रोहित शर्मा कर्णधार झाला, मुंबईने पहिलं विजेतेपद जिंकलं आणि त्याच रात्री सचिनने आयपीएलचा निरोप घेतला. वानखेडे ओस पडलं नाही. मुंबईच्या पाचपैकी चार ट्रॉफी त्यानंतरच्या आहेत. २०२४ मध्ये रोहितच्या जागी कर्णधार झालेल्या हार्दिक पंड्याची वानखेडेवर झालेली हुर्यो याच्या विरोधात पुरावा म्हणून दाखवली जाते. त्या वर्षी मुंबई तळाला गेली, हेही मान्य. पण २०२५ मध्ये त्याच कर्णधाराने संघ बाद फेरीत नेला आणि हुर्यो विरून गेली. लोकांचा राग एका हंगामापुरता असतो. संघमालकांची भीती मात्र फार वर्षं टिकते.

चेन्नईत ही भीती कर्णधारपदावरही बसून होती. २०२२ मध्ये जाडेजाकडे दिलेलं नेतृत्व हंगाम संपायच्या आत पुन्हा धोनीकडे आलं. २०२५ मध्ये कर्णधार ऋतुराज जखमी झाला तेव्हाही तेच झालं. संघ पहिल्यांदाच दहावा, म्हणजे शेवटचा आला. ऋतुराजच्या जागी आलेल्या सतरा वर्षांच्या आयुष म्हात्रेने बंगळुरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४ धावा केल्या; विरारच्या या पोराला दार उघडलं ते दुसऱ्याच्या दुखापतीने. डिसेंबर २०२५ च्या लिलावात चेन्नईने कार्तिक शर्मा आणि प्रशांत वीर या दोन अनकॅप्ड तरुणांवर प्रत्येकी १४.२० कोटी खर्च केले, त्याआधी जाडेजाला सोडून संजू सॅमसनला घेतलं. चूक उमगली, असं यावरून म्हणता येईल. पण सॅमसन यष्टिरक्षक आहे, कार्तिक शर्माही यष्टिरक्षक आहे, आणि २०२६ साठी चेन्नईने धोनीलाही कायम ठेवलं आहे.